मेट्रो आणि रेल्वेच्या प्रकल्पांत वास्तू-इतिहासकाराला नेमकं काय काम?

प्रश्न विचारणाऱ्याचं आर्किटेक्चर झालं आहे, इतिहासाची ओढ आहे आणि संवर्धनाचं पुढचं शिक्षण घ्यायचा विचार चालू आहे. मेट्रो, रेल्वे, पूल अशा प्रकल्पांवर वास्तू-इतिहासकाराला खरंच काही काम असतं, की एनओसीच्या फायलीत एक अहवाल लागतो म्हणून त्याला बोलावतात, असं त्याने विचारलं आहे.

बऱ्याचदा फायलीसाठीच बोलावतात. ते आधीच सांगून टाकलेलं बरं. मी या कामात बरीच वर्षं आहे, बहुतेक मुंबईत आणि थोडं पुण्यात. अहवाल कितीही चांगला लिहिला तरी तो कोणत्या महिन्यात टेबलावर आला, यावर त्याचं नशीब ठरतं. मार्गाचा सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, तयार होत असताना अलाइनमेंट, म्हणजे मार्गाची रेघ, पेन्सिलीने हलते. निविदा निघाली, कंत्राटदार नेमला गेला, की तीच रेघ दोन मीटर सरकवायची तर त्याचा क्लेम, मुदतवाढ आणि नव्याने भूगर्भ चाचण्या असं सगळं मागे लागतं. मग तुमच्या म्हणण्यात कितीही तथ्य असो, कोणी ऐकत नाही. ऐकणं त्यांना परवडतच नाही.

पुणे मेट्रोचं उदाहरण घ्या. वनाझ ते रामवाडी हा मार्ग आधी नगर रस्त्यावरून सरळ जायचा होता. वाटेत आगाखान पॅलेस. १८९२ सालचा हा वाडा. १९४२ ते १९४४ या काळात गांधीजी तिथे स्थानबद्ध होते, कस्तुरबा तिथेच गेल्या. राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक असल्यामुळे १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो, आणि त्यातल्या २०१०च्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही करता येत नाही. शेवटी मार्ग कल्याणीनगरमधून वळवावा लागला. लांबी वाढली, वळणं आली, खर्च वाढला. हे सगळं नकाशावर पहिल्याच दिवशी दिसू शकलं असतं. इथे नव्या माणसाने एक बारकावा लक्षात ठेवावा: १०० मीटर इमारतीच्या भिंतीपासून मोजायचे नसतात, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजायचे असतात. बाग, आवार, कुंपण हे सगळं त्यात धरलेलं असू शकतं. इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर वर्तुळ बहुतेक वेळा इमारतीच्या मध्यावर कंपास ठेवून काढलेलं असतं. ती रेघ सुधारणं हे तुमचं पहिलं काम.

मुंबईत चित्र वेगळं आहे. केंद्राच्या यादीतली स्मारकं थोडी, पण १९९५च्या वारसा नियमावलीने शहरातल्या इमारती आणि परिसरांची श्रेणीवार यादी केली आणि मुंबई वारसा जतन समिती नेमली. वर दोन जागतिक वारसास्थळं आहेत: २००४ साली तेव्हाचं छत्रपती शिवाजी टर्मिनस, आणि २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको या शैलींतल्या इमारतींचा समूह. मेट्रो ३, म्हणजे कुलाबा-वांद्रे-सीप्झ, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं, ही नेमकी या दोन्हींच्या पोटातून जाते. विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी ही ओळीने स्थानकं बघा म्हणजे अंदाज येईल.

जागतिक वारशाचं नाव काढलं की अधिकारी मंडळी सावध होतात. त्यांना मी ड्रेस्डेनची गोष्ट सांगते. एल्ब नदीचं ते खोरं यादीत होतं. शहराने नदीवर चौपदरी पूल बांधायचं ठरवलं, युनेस्कोने वारंवार बजावलं, तरी पुलाचं काम चालूच राहिलं आणि २००९ साली ड्रेस्डेनचं नाव यादीतून गेलं. एका पुलापायी. वाहतुकीच्या प्रकल्पांना हा विषय लागू नाही असं कोणी म्हणालं तर एवढं पुरतं.

आता बोगद्याबद्दल. लोकांची भीती बोगद्याला असते. निदर्शनं बोगद्याविरुद्ध, याचिका बोगद्याविरुद्ध. माझं मत जरा वेगळं आहे. वीस-पंचवीस मीटर खाली बसाल्टातून टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारी मशीन, नीट गेली तर वरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. वारशाच्या दृष्टीने जे खटकतं ते जमिनीवर येतं: प्रवेशद्वारं, लिफ्टचे डबे, हवा खेळवणारे शाफ्ट, वीज उपकेंद्राची खोली, अग्निशमनासाठी लागणारी जागा. बोगद्याचं काम काही वर्षांत संपतं. शाफ्टची ती काँक्रीटची चौकट गॉथिक कमानीसमोर पुढची शंभर वर्षं उभी राहते. आणि गंमत अशी की प्रकल्पाच्या पहिल्या आराखड्यात या गोष्टी नुसत्या चौकोनांनी दाखवलेल्या असतात, उंची लिहिलेलीच नसते. मी बैठकीत सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न कुठला असेल तर हा: "या चौकोनाची उंची किती?" उत्तर बहुधा येतं, की ते डिटेल्ड डिझाइनच्या वेळी ठरेल. तिथे अडून बसायचं. फूटपाथवरून, रस्त्याच्या पलीकडून, मैदानातून अशी दृश्यं ठरवून घ्यायची आणि त्या प्रत्येक दृश्यात तो डबा कुठे येतो ते काढून मागायचं. ओव्हलवर एका हाताला गॉथिक आणि दुसऱ्या हाताला आर्ट डेको एकमेकांकडे बघत उभे आहेत. मधली मोकळी जागा हाच त्या समूहाचा प्राण आहे. तिथे अडीच मीटरचा एक डबाही फार होतो.

बोगद्याचा आणि खोदकामाचा धोका अगदीच नाही असंही नाही. फरक इतकाच की तो धोका कुठल्या इमारतीला किती आहे हे सांगायला इतिहास लागतो. कंपनं सेकंदाला किती मिलिमीटर यावर मोजतात. जर्मन मानकात संवेदनशील जुन्या बांधकामांसाठी कमी वारंवारतेला ३ मिलिमीटर प्रतिसेकंद ही मर्यादा आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच अहवालांत तीच उचललेली दिसते. पण 'जुनी इमारत' हा एक प्रकार नव्हे. फोर्टात एका रस्त्यावर जाड काळ्या दगडाची भारवाहक भिंत असते, शेजारी ओतीव लोखंडाचा सांगाडा असतो, पुढच्या चौकात तीसच्या दशकातलं आरसीसी. वॉटसन्स हॉटेल, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन, १८६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडहून लोखंडाचे सुटे भाग आणून उभं केलेलं आहे. दगडी भिंतीचे निकष त्याला लावून चालत नाही. गिरगावात गेलात तर सागवानी खांब-तुळयांच्या चाळी. त्या हलतात, कुरकुरतात, पण जोडांमध्ये खेळ असल्यामुळे बरंच सहन करतात. मात्र मध्येच कोणी दोन खांब काढून लोखंडी गर्डर घातला असेल तर तिथे सगळं गणित बिघडतं. ही माहिती स्ट्रक्चरल इंजिनिअरला बाहेरून दिसत नाही. ती जुन्या नकाशांत, दुरुस्तीच्या परवानग्यांत आणि म्हाताऱ्या भाडेकरूंच्या तोंडी असते.

एक गोष्ट जवळून सांगते, कारण ती पुस्तकात सापडत नाही. मुंबईच्या गॉथिक इमारतींत भिंतीला मालाडचा पिवळसर किंवा कुर्ल्याचा दगड आणि कोरीव कामाला पोरबंदरचा चुनखडी दगड अशी वाटणी फार ठिकाणी दिसते. पोरबंदर मऊ, छिन्नीला सोपा. कळस, गार्गॉइल, पाकळ्यांच्या पट्ट्या त्यातल्या. हे तुकडे एकमेकांवर बसवताना आत लोखंडी खुंट्या घातलेल्या असतात. समुद्राची हवा, दीडशे पावसाळे. खुंटी गंजते, गंजली की फुगते आणि दगडाला आतून तडकवते. बाहेरून बघाल तर केसाएवढी रेघ, तिच्या कडेला तांबूस डाग, बस्स. असा कळस कंपनं नसतानाही एखाद्या दिवशी पडणारच असतो. खाली पाइलिंग, म्हणजे जमिनीत पायाचे खांब घालणं, चालू असताना पडला तर मात्र दोष कुणाचा यावर कोर्टात वर्ष जातं. २०१७ साली दादाभाई नौरोजी मार्गावरच्या जे. एन. पेटिट वाचनालयाच्या इमारतीचा दगडी भाग निखळला तेव्हा असंच झालं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, मेट्रोचं त्या भागातलं काम थांबलं, तज्ज्ञांना बोलवावं लागलं. म्हणून खोदकामाच्या आधीची स्थिती-नोंद हा तुमच्या कामाचा सगळ्यात नीरस आणि सगळ्यात उपयोगी भाग आहे. प्रत्येक भेग, तिची रुंदी, तारीख, फोटोत मोजपट्टी धरलेली. तांबूस डाग असलेल्या प्रत्येक जोडाला वेगळा क्रमांक. भेग मोजणारे क्रॅक गेज आणि कल मोजणारे टिल्ट मीटर कुठे लावायचे हे इंजिनिअर ठरवतो, पण कुठला कळस सैल आहे ते तुम्ही सांगायचं, आणि काम सुरू होण्याआधी तो बांधून घ्यायला लावायचं.

श्रद्धास्थानं आली की प्रश्न मिलिमीटरचा राहत नाही. मेट्रो ३च्या वेळी काळबादेवी-गिरगाव भागातल्या दोन पारशी आतश बेहरामांबाबत, म्हणजे अग्निमंदिरांबाबत, २०१८ साली न्यायालयात वाद झाला. तिथे भिंतीला तडा जाईल का याइतकाच, पवित्र अग्नीच्या आणि विहिरीच्या खालून काय जातं हा मुद्दा होता. अशा ठिकाणी इतिहासकाराने आपण धर्माचे वकीलही नाही आणि प्रकल्पाचेही नाही, एवढं भान ठेवून त्या वास्तूचा वापर कसा होतो ते स्वच्छ लिहून द्यावं. विहीर वापरात आहे की नाही ही नोंद एका वाक्याची असते, पण ती नसेल तर पुढचं सगळं चर्चासत्र हवेत जातं.

इथवर 'प्रकल्प वारशाच्या शेजारी' असा विषय झाला. दुसरा भाग मला जास्त आवडतो आणि त्याच्याकडे फार कमी लोक वळतात: जिथे वाहतूक व्यवस्था हाच वारसा आहे आणि ती रोज वापरात आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ही तारीख सगळ्यांना पाठ असते. पण त्या मार्गावर आज आपण ज्या गोष्टींवरून जातो त्यांतली कुठली कधीची, हे सांगणारं माणूस शोधावं लागतं. सीएसएमटीचं सगळं कौतुक फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या दर्शनी इमारतीचं, ती १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत झाली. कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. त्याच स्टीव्हन्सचं चर्चगेटसमोरचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आणि महापालिकेची इमारतही. या तिघींना कोणी हात लावणार नाही. चिंता आहे ती यादीत नसलेल्या खांबांची, पुलांची, शेडची.

पुलांचं बघा. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे ८०-९० वर्षांनी उपनगरी मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर नेले गेले. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ साली आणि मध्य रेल्वेचं २०१६पर्यंत संपलं. व्होल्टेज वाढलं की तार आणि पूल यांच्यातलं अंतर वाढवावं लागतं. मग एक तर पूल उचला, नाही तर रूळ खाली घ्या, नाही तर पूल पाडा. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल, मूळ १८७९चा आणि १९२३ साली नव्याने बांधलेला, जानेवारी २०१६मध्ये मोठा ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या बंद ठेवून, पाडला. मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२मध्ये २७ तासांच्या ब्लॉकमध्ये उतरवला. प्रभादेवीचा १९१३चा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५मध्ये शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी बंद झाला. हे पूल वाचवायला हवे होते असं माझं म्हणणं नाही. कर्नाक धोकादायक जाहीर झालेला होता; आणि २०१७ साली एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर तेवीस माणसं चेंगरून गेली त्यानंतर या शहरात 'जुना पूल तसाच ठेवा' असं म्हणणाऱ्याने आधी दहा वेळा विचार करावा. माझी तक्रार वेगळी आहे. एसीचं काम येतंय हे रेल्वेला कितीतरी आधी माहीत होतं. त्या वर्षांत प्रत्येक पुलाची मोजमापं, रिव्हेटचे जोड, दगडी पायांची छायाचित्रं, मूळ ड्रॉइंगच्या प्रती हे सगळं निवांत होऊ शकलं असतं. आपल्याकडे नोंद सुरू होते ती ब्लॉकची तारीख जाहीर झाल्यावर. कर्नाकच्या दगडांवर पुलाचं नाव इंग्रजी, देवनागरी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत कोरलेलं होतं, ते दगड तरी बाजूला काढून ठेवले गेले. नोंद वेळेत झालेली असती तर कुठला दगड कुठल्या थरात होता हेही आज सांगता आलं असतं.

पाडकामाच्या आधीच्या नोंदीत काळनिर्णय हा तुमचा खास प्रांत. आणि इथे फसायला होतं. हार्बर मार्गावरच्या एका स्थानकात छपराचे खांब जुन्या रुळांचे आहेत: रूळ उभे करून, माथ्यावर पट्टी जोडून. रंगाचे पाच-सहा थर. दुपारी, गर्दी कमी असताना, रुळाच्या कमरेवर कागद धरून मेणाच्या खडूने घासलं की अक्षरं वर येतात: कारखान्याचं नाव, ओतल्याचं वर्ष, गजाला किती पौंड ते वजन, आणि कंपनीची आद्याक्षरं, जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. त्या खांबावर वर्ष निघालं एकोणिसाव्या शतकातलं. सोबतचा तरुण सहकारी खूश, की शेड एवढी जुनी! पण हार्बर मार्गच मुळी डिसेंबर १९१०मध्ये सुरू झाला, कुर्ला ते रे रोड. म्हणजे खांब मार्गापेक्षा जुना. तो रूळ आधी मुख्य मार्गावर झिजला, काढला गेला, आणि मग शेडचा खांब झाला. रुळावरचं वर्ष म्हणजे 'याच्या आधीची नाही' एवढाच पुरावा. शेड कधीची ते कळायला फलाटाची उंची कधी वाढली, पत्रे कधी बदलले, रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात कापडावर काढलेलं मूळ ट्रेसिंग मिळतं का, हे बघावं लागतं. अहवालात मी "रूळ अमुक वर्षाचे, शेड १९१० नंतरची" एवढंच लिहिते. छापून येणाऱ्या बातमीत मात्र शेड तीस वर्षांनी म्हातारी होते. चालायचंच.

पुण्यात हीच गोष्ट पेशव्यांच्या नावाने होते. २०१९ साली स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुन्या पाण्याची भुयारं सापडली. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणलं हे पुण्यात प्रत्येकाला तोंडपाठ, त्यामुळे जमिनीखाली कुठलीही कमान दिसली की ती पेशवेकालीनच. पण पुण्याच्या पाणीपुरवठ्यात पेशव्यांनंतरही पुष्कळ बांधकाम झालं आहे. विटेचं माप, सांध्यातला चुना की सिमेंट, कमानीचा प्रकार, आणि महापालिकेचे व सार्वजनिक बांधकाम खात्याचे जुने नकाशे, एवढं तपासल्याशिवाय शतक लिहू नये. कंत्राटात 'अचानक सापडलेल्या अवशेषांबाबतची कार्यपद्धती' असं कलम असतं. ते कोणी वाचत नाही. काम थांबवायचा अधिकार जागेवरच्या कुठल्या माणसाला आहे, आणि किती तासांत तज्ज्ञ पोचायचा, हे दोन तपशील त्यात आहेत का ते बघा. नसतील तर घालून घ्या. कारण पोकलेनवाला फोन लागेपर्यंत थांबत नाही, आणि त्याने थांबावं अशी अपेक्षाही चूक आहे, त्याला घनमीटरवर पैसे मिळतात.

यादीत नसलेल्या आणखी गोष्टी. मुंबईचे जुने मैलाचे दगड: सेंट थॉमस कॅथीड्रल हा शून्य बिंदू धरून काळ्या दगडात रोमन आकड्यांनी अंतर कोरलेलं. फूटपाथ दर वेळी वर चढत गेले आणि हे दगड गळ्यापर्यंत पुरले गेले. ट्रामचे रूळ: घोड्याची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली, ३१ मार्च १९६४ला बंद झाली, पण डांबराखाली रूळ तसेच होते आणि फ्लोरा फाउंटनपाशी खोदताना ते वर आले. जुन्या पाणपोया, बसथांब्यांच्या लोखंडी चौकटी. यांना कुठलाही कायदा वाचवत नाही. सर्वेक्षणाला चालत गेलेल्या माणसाचं लक्ष वाचवतं. गाडीतून सर्वेक्षण करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणि चाळी. गिरगाव-काळबादेवीत स्थानकांसाठी राहत्या इमारती पाडाव्या लागल्या, रहिवाशांचं त्याच भागात पुनर्वसन करायचं ठरलं. वारसा यादीचा डोळा गॉथिकवर बसलेला आहे. गॅलरी, सामाईक नळ, लाकडी जिना असलेल्या चाळीला त्यात जागा नसते. पाडायला हरकत नाही, पण आधी एक संपूर्ण मजला मोजून काढा, कोण कुठे झोपत होतं, गणपती कुठे बसत होता हे नकाशावर लिहा. तीन दिवसांचं काम असतं. त्यासाठी कंत्राटात वेगळी रक्कम नसते, म्हणून स्थिती-नोंदीच्या कामातच ते बसवून टाकायचं. मी तसंच करते.

घाटाकडे वळायचं असेल तर तेही क्षेत्र मोकळं आहे. बोरघाटातला मूळ रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर लवकरच वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुढे नेलं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. चढ इतका की मध्ये गाडी उलटी फिरवायला रिव्हर्सिंग स्टेशन ठेवलं होतं, ते १९२९ साली मार्ग बदलल्यावर बंद पडलं. मुंबई-पुणे पट्ट्यात रस्ते आणि रेल्वेची नवी कामं सतत निघतात. सोडून दिलेल्या जुन्या मार्गाचे कठडे, मोऱ्या, बोगद्यांची तोंडं अजून डोंगरात आहेत, आणि बहुतेक नकाशांवर तिथे फक्त 'वनजमीन' लिहिलेलं असतं.

लिहायचं कसं, यावर थोडं. नव्या मुलांच्या अहवालात सगळंच 'अत्यंत महत्त्वाचं' असतं. असा अहवाल इंजिनिअर दोन मिनिटांत मिटतो, कारण त्याला त्यातून निर्णय घेता येत नाही. प्रत्येक वास्तूचं महत्त्व नेमकं कशात आहे ते लिहा, आणि त्याच पानावर काय गेलं तरी चालेल तेही लिहा. "दर्शनी कमानी आणि जिना मूळचे; मागची विटांची भर साठच्या दशकातली, काढली तरी हरकत नाही; कुंपणभिंत प्रवेशासाठी चार मीटर उघडता येईल, दगड क्रमांक घालून ठेवावेत." असं वाक्य वाचलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. एकदा त्याला कळलं की तुम्ही काही सोडायला तयार आहात, की जे सोडत नाही त्याला वजन येतं. दबावही येईल. 'प्रतिकूल परिणाम' ऐवजी 'किरकोळ परिणाम' करा, एवढंच हवंय, असे फोन मला आलेले आहेत. शब्द बदलायचा नाही. परिणाम कमी करणारा उपाय सुचवायचा, तो ड्रॉइंगमध्ये आला की मग शब्द आपोआप बदलता येतो. तोपर्यंत बिलं अडकतात, ते धरून चाला.

शिक्षणाचं म्हणाल तर संवर्धनाची पदव्युत्तर पदवी, दिल्लीचं एसपीए किंवा अहमदाबादचं सेप्ट, उपयोगी आहे. पण नोकरी देणारा बघतो ते तुम्ही ऑटोकॅड आणि जीआयएसवर, म्हणजे ड्रॉइंगच्या आणि नकाशांच्या सॉफ्टवेअरवर, स्वतःची माहिती चढवू शकता का ते. इतिहासकार म्हणून बैठकीला गेलात आणि लेयर उघडता आला नाही तर तुमची टिपणं परिशिष्टात जातात. अभिलेखागारात बसायची सवय लावा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार, एशियाटिक सोसायटी, सिटी सर्व्हेची कार्यालयं. १८६०-७०च्या दशकातल्या लॉटनच्या सर्वेक्षणाचे नकाशे एवढे तपशीलवार आहेत की विहिरीसुद्धा सापडतात, आणि बोगद्याच्या मार्गातली बुजवलेली विहीर टीबीएमवाल्याला तुमच्याइतकीच हवी असते. पुण्यात काम करायचं असेल तर मोडी शिका. पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीशिवाय अर्धंच उघडतं. रेल्वेची ड्रॉइंग्ज मिळवायला पत्रापेक्षा माणूस ओळखीचा लागतो. निवृत्तीला आलेले ड्राफ्ट्समन शोधा, त्यांना कुठली पेटी कुठे आहे ते माहीत असतं.

शेवटी करार. तुम्ही बहुधा मोठ्या सल्लागार कंपनीच्या हाताखालचे उपसल्लागार असाल. सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. तुमचा अहवाल थेट वारसा समितीपुढे तुमच्या नावाने जाणार की कोणी मधला माणूस त्याचा 'सारांश' करणार. डीपीआरपासून बांधकाम संपेपर्यंत जागेवर जायचा हक्क तुम्हाला आहे का, कारण अहवाल दिल्यानंतरच खरी कामं बिघडतात. आणि मोजणीची ड्रॉइंग्ज, फोटो कोणाच्या मालकीचे. सहसा ते ग्राहकाचे असतात, त्याला इलाज नाही. पण एक प्रत राज्य अभिलेखागारात किंवा एखाद्या वास्तुकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवायची परवानगी लेखी मागून घ्या. कामाच्या सुरुवातीला मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. काम संपल्यावर मागितली तर फाईल कुठल्या टेबलावर आहे हेच कळत नाही.